सात नंबरचा सासुरवास

प्रिय रेवा, प्रिय निहार,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला तुमचं नवं स्वयंपाकघर दाखवलंत. निहार, तू खुर्चीवर चढून भिंतीवरची एक पांढरी डबी दाखवलीस आणि म्हणालास, "आजी, हे आमच्या घराचं नाक आहे. गॅस सुटला की आईच्या फोनला कळतं." मी "अरे वा" म्हणाले आणि विषय बदलला. तुमच्या आईच्या ते लक्षात आलं असावं. रात्री तिचा निरोप आला : "सुमनमावशींचं त्यांना सांग ना. सगळं सांग. तुझ्या अकरा दिवसांसकट."

म्हणून हे लिहिते आहे. सुमनताई या वर्षी मार्चमध्ये गेल्या. मी शहात्तर वर्षांची आहे, अक्षर अजून वळणदार आहे आणि स्मरण बऱ्यापैकी आहे. दोन्ही शाबूत आहेत तोवर लिहिलेलं बरं. तुम्ही मराठी हळू वाचता हे मला ठाऊक आहे, तेव्हा साधं लिहीन.

त्यांचं पूर्ण नाव सुमन गायकवाड. मी त्यांना भेटले तेव्हा त्या पन्नाशीच्या जवळ होत्या. मी इंग्रजीची अध्यापिका म्हणून निवृत्त झाले होते आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत पत्रव्यवहार आणि अहवाल लिहिण्याचं काम करत होते. प्रयोगशाळेचे प्रमुख आगाशे सर हुशार होते, पण त्यांच्या टेबलावर काल ठेवलेला कागद आज सापडत नसे. कागद सापडावेत म्हणून मला ठेवलं होतं.

त्या दिवसांत पुण्यात ज्याला त्याला हिंजवडी दिसत होती. तुमची आई रोज कंपनीच्या बसने तिकडेच जायची. आमच्या प्रयोगशाळेत मात्र वस्तू बनत होती. एका मोठ्या कंपनीशी कॉलेजचा करार झाला होता : स्वयंपाकघरातला गॅस हुंगून मोबाइलला कळवणारा सेन्सर बनवायचा. पैसे आणि यंत्रं कंपनीची, डोकं आणि हात कॉलेजचे. डोकं आगाशे सरांचं. हात सुमनताईंचे.

सेन्सर म्हणजे तिळाएवढी चकती. तिच्यावर गॅस ओळखणारा एक पातळ थर असतो. त्या तिळाला बाहेरच्या जगाशी जोडायला सोन्याच्या चार तारा लागतात, प्रत्येक तार केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. सूक्ष्मदर्शकात बघत, श्वास धरून, सुमनताई त्या तारा जोडायच्या. नंतर वर जाळीची टोपी बसवायची.

त्या बिबवेवाडीहून बसने यायच्या. आल्यावर दाराशी बांगड्या काढून स्टीलच्या डबीत ठेवायच्या, एप्रन चढवायच्या आणि दोन्ही तळवे टेबलावर पालथे टाकून दहा मिनिटं नुसत्या बसायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना बरं नाही.

"काही हवंय का?" मी विचारलं.

"काही नको, मॅडम. मी उतरले, हात अजून बसमध्येच आहेत. यायला वेळ लागतो त्यांना."

दुपारचे बारा वाजेपर्यंत चहा नाही, कारण चहाने बोट हलतं. तोंडाला पावडर नाही, कारण तिचा एक कण म्हणजे तिळावर पडलेला धोंडा. गळ्यात दोन चष्मे. कोणी घाईने दार उघडलं तर मान न वळवता म्हणायच्या, "या. वारा घेऊन आलात. आता तो बाहेर सोडून परत या." मी तिथे होते तितकी वर्षं त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. त्याची गरजच पडत नसे.

त्याआधी त्यांनी नगर रस्त्यावरच्या रेडिओच्या कारखान्यात अठरा वर्षं जोडणी केली होती. बाहेरचा माल यायला लागला आणि कारखाना बंद पडला. कारखान्याबद्दल त्या एवढंच म्हणायच्या, "आमचे रेडिओ अजून वाजतात. ऐकणारे उठून गेले."

कंपनीतर्फे आमच्याकडे येणारे गृहस्थ म्हणजे पटवर्धन. उंच, नीटनेटके, घड्याळाकडे बघत बोलणारे. पहिल्याच भेटीत त्यांनी आगाशे सरांना विचारलं, "हे हाताने कशाला करताय? मशीन लावा. दोन हजार वर्षांपूर्वीची पद्धत आहे ही."

सुमनताई स्टुलावरून उठल्या. "बसा ना साहेब. मशीन येईपर्यंत आपण करून दाखवा."

पटवर्धन बसले, कारण न बसणं वाईट दिसलं असतं. पाच मिनिटांत त्यांच्या हातून चार तारा तुटल्या. पाचवी त्यांना सापडेचना.

"आपल्या बाहीवर आहे," सुमनताई म्हणाल्या. "हलू नका, घेते मी."

पटवर्धन मोकळेपणाने हसले, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. पुढे जे झालं त्यात ते वाईट माणूस होते असं समजू नका. त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी घड्याळ धरून उभं होतं.

आता सासुरवासाचं सांगते.

सेन्सर तयार झाले की ते एका पेटीत ठेवून तापवायचे, गार करायचे, दमट हवेत ठेवायचे आणि दर वेळी गॅस ओळखतात का ते बघायचं, असा नियम होता. पहिले पन्नास सेन्सर त्यातून सहज पार पडले. सगळ्यांनी पेढे खाल्ले. सुमनताईंनी पेढा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

"हे सगळं माहेरचं ऊन झालं, सर," त्या म्हणाल्या. "मोजून दिलेलं, वेळेवर दिलेलं. सासरचं ऊन असं नसतं. तिथे फोडणी असते, फिनेल असतं, उदबत्ती असते. मिरच्या तळल्यावर माणसाला खोकला येतो, याचं काय होतं ते नको बघायला?"

"म्हणजे काय करायचं?" सरांनी विचारलं.

"पाच जणींना महिनाभर सासरी पाठवू. सासुरवास सोसून आल्या की मग पेढा खाईन."

कोणीतरी चेष्टेने म्हणालं, "ताई, तुम्ही तर लग्नच नाही केलंत. तुम्हाला काय माहीत सासुरवास?"

"म्हणूनच इतरांचा नीट बघता आला," सुमनताई म्हणाल्या.

पाच सेन्सर पाच ठिकाणी गेले. एक मंडईजवळच्या वड्याच्या गाडीवर, एक कसब्यात शेखचाचांच्या बेकरीत नानकटाईच्या भट्टीशेजारी, एक आगाशे सरांच्या घरी. तीन नंबरचा सुमनताईंच्या घरी बिबवेवाडीला आणि सात नंबरचा आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये. प्रत्येक ठिकाणी एक वही दिली. रोज संध्याकाळी सात वाजता लायटर घ्यायचा, पेटवायचा नाही, नुसता गॅस सेन्सरसमोर तीन सेकंद सोडायचा. लाल दिवा लागला की वहीत तारखेपुढे बरोबरची खूण करायची. बस, एवढंच काम. इंग्रजी अहवालात मी त्याला एक भारदस्त नाव दिलं, पण पटवर्धनसुद्धा फोनवर विचारायचे, "काय, सासुरवास कसा चाललाय?"

मुलांनो, तो महिना म्हणजे तुमच्या आईच्या लग्नाआधीचा महिना. सांगलीहून तुमच्या बाबांकडची माणसं येऊन गेली, माझ्या नणंदा आल्या, भाच्या आल्या. रोज कुठे ना कुठे केळवण. एका संध्याकाळी लायटर दाखवायचा राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. असे अकरा दिवस गेले. एकतिसाव्या दिवशी सकाळी सेन्सर परत न्यायचा म्हणून भिंतीवरून काढला, वही उघडली आणि त्या अकरा रिकाम्या जागा दिसल्या. तीस वर्षं मी मुलींच्या वह्यांत गाळलेल्या जागा शोधल्या होत्या. पेन उचललं आणि अकरा खुणा करून टाकल्या. मनाशी म्हटलं, एकोणीस दिवस चालला तो अकरा दिवसांत काय बिघडणार आहे?

तो बुधवार होता. सोमवारी कंपनीचे परदेशी पाहुणे यायचे होते. त्यांना चाचणीचा अहवाल दाखवायचा होता, आणि त्यासाठी तो शुक्रवारी चार वाजेपर्यंत पटवर्धनांच्या हातात पडायला हवा होता. अहवालाच्या शेवटी ओळ होती : सर्व चाचण्या मी स्वतः पाहिल्या आहेत. खाली सुमनताईंची सही. ती ओळ मीच टाइप केली होती. आणखी एक कागद मी टाइप करून आगाशे सरांच्या टेबलावर ठेवला होता, तो म्हणजे सुमनताईंच्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचं पत्र. त्यांची नोकरी वर्षावर्षाची होती आणि पगार कंपनीच्या पैशांतून होता. अहवाल गेला नाही तर करार अडणार आणि करार अडला तर ते पत्र टेबलावरच राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही.

पाचही सेन्सर परत आले. सुमनताईंनी एकेकासमोर लायटर धरला. वड्याच्या गाडीवरचा तेलाने माखला होता, तरी दिवा लागला. बेकरीतला लागला. सरांचा लागला. त्यांचा स्वतःचा लागला. सात नंबर लागला नाही.

त्यांनी पुन्हा धरला. तिसऱ्यांदा धरला. मग माझ्या वहीची पानं उलटली.

"मॅडम, काल संध्याकाळी सात वाजता याने दिवा लावला होता?"

"हो," मी म्हणाले.

एवढा छोटा शब्द. तो घशाखाली परत घालता आला असता तर मी घातला असता.

त्यांनी मान हलवली आणि सात नंबर सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. त्यांचा हिशेब सरळ होता. काल चालत होता आणि आज अचानक बंद पडला, म्हणजे तार तुटली. तार तुटली म्हणजे जोडणी कच्ची. जोडणी कच्ची म्हणजे चूक त्यांच्या हाताची. दिवसभर त्यांनी टोपी काढून चारही तारा तपासल्या. चारही शाबूत होत्या.

गुरुवारी सकाळी पटवर्धन स्वतः आले.

"गायकवाड मॅडम, पन्नासांत एक. रिक्षात आपटला असेल."

"आपटला तर तार तुटते, साहेब. तार तुटली नाही."

"मग काय झालं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही हे काही कारण होत नाही."

"म्हणूनच सही होत नाही."

पटवर्धनांनी घड्याळ बघितलं. "तुम्हाला कल्पना आहे ना, सोमवारी कोण येतंय? अहवालात एकोणपन्नास लिहा, एक वाहतुकीत खराब झाला असं लिहा. लेले मॅडम सुंदर इंग्रजीत लिहितील." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

ते गेल्यावर आगाशे सर सुमनताईंच्या स्टुलाशेजारी उभे राहिले. सरांना कोणाला दुखवायला जमत नसे, त्यामुळे ते भिंतीशी बोलत होते. "ताई, ते पत्र माझ्या टेबलावर आहे. मला त्यावर सही करायची आहे. मला करू द्या."

सुमनताईंनी चष्मा काढून पुसला. "सर, माझ्या आजोबांनी एका कागदावर न वाचता अंगठा दिला होता. त्याचं काय झालं ते सांगत बसत नाही. वडील खडकीच्या कारखान्यात हमाली करून रात्रशाळेत सही शिकले. मला पहिलं पेन दिलं तेव्हा म्हणाले, सुमे, सही सुंदर नसली तरी चालेल, खरी पाहिजे. आता पन्नाशीत मी ती खोटी कशी करू?"

सर अजून भिंतीकडेच बघत होते.

"शिवाय," त्या म्हणाल्या, "ज्या घरात हा बंद पडेल, त्या घरातली बाई याच्या भरवशावर झोपलेली असेल. आपला दिवा नसता तर निदान तिने स्वतःचं नाक वापरलं असतं."

मग त्यांनी एक गोष्ट केली, ती मी विसरू शकत नाही. दोन्ही हात समोर धरले, बोटं पसरली आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. कापतात का ते बघत होत्या. "तारा दिसायला चांगल्या आहेत, पण आतून कच्च्या असतील," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हात गेला असेल माझा. सर, बाकीचे सगळे उघडून बघू द्या मला." टोपी काढलेला सेन्सर पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे आपल्याच हातांनी जोडलेले पन्नासच्या पन्नास त्या मोडायला निघाल्या होत्या. माझ्या अकरा खुणांपायी.

मी म्हणाले, "सुमनताई, जरा बाहेर येता?"

जिन्याजवळ मी त्यांना सांगितलं. किती लांबण लावली आठवत नाही. केळवणं, पाहुणे, सगळं सांगितलं असेन. त्यांनी मध्येच विचारलं, "किती दिवस?"

"अकरा."

"किती तारखेपासून?"

"एकोणीस तारखेला शेवटचा बघितला. वीसपासून नाही."

त्या आत गेल्या, वही आणि लाल पेन घेऊन आल्या. अकरा खुणांवर अकरा तिरप्या रेघा मारल्या आणि पेन माझ्या हातात दिलं. "प्रत्येकीपुढे सही करा." मी जिन्याच्या कठड्यावर वही ठेवून अकरा सह्या केल्या. येणारेजाणारे विद्यार्थी बघत होते.

"शाई एका दिवसाची आहे, खुणा एका दमात काढलेल्या आहेत, हे मला कालच दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, लेले मॅडम असं करायच्या नाहीत. माझेच डोळे चुकत असतील."

त्या मला रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. पण त्यांचं लक्ष माझ्यावर नव्हतंच. त्यांचा चेहरा उजळला होता. "म्हणजे हा अचानक नाही गेला. हळूहळू आंधळा झाला. मॅडम, त्या अकरा दिवसांत तुमच्या घरात नवीन काय आलं?"

आम्ही रिक्षाने कर्वेनगरला आलो. त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि जिथे सात नंबर टांगला होता त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. सेन्सर बघत होता तिकडे बघू लागल्या. समोर दार, दाराबाहेर बेसिन, बेसिनवर आरसा. आरशाखालच्या फळीवर लग्नघरात असतात त्या सगळ्या बाटल्या.

तुमची आई रजेवर होती. ती म्हणाली, "मावशी, चहा टाकू?"

"टाक. आणि या बाटल्यांमधल्या एकोणीस तारखेनंतर आलेल्या कुठल्या, ते दाखव."

सहा निघाल्या. अत्तर, नखांचं पॉलिश, ते पुसायचं पाणी, केसांचा फवारा, खोलीत मारायचा सुगंध आणि केस चमकायला लावायचं सीरम. सुमनताईंनी सहाही पिशवीत भरल्या.

"अगं, पण उद्या माझं केळवण आहे!" तुमची आई म्हणाली.

"केसांना खोबरेल लाव. नवरा पळून जाणार नाही."

दुपारी प्रयोगशाळेत त्यांनी सहा चांगले सेन्सर मागितले. सरांनी लगेच दिले. सहा काचेच्या बरण्या, प्रत्येकीत एक सेन्सर, खाली कोमट तबकडी आणि तिच्यावर एकेका बाटलीतले चार थेंब. सहा वाजता त्यांनी बांगड्या घातल्या. मी म्हटलं, "थांबायचं नाही?" त्या म्हणाल्या, "मी बघत बसले म्हणून तो लवकर आंधळा होणार आहे का? सात वाजता घरी तीन नंबरला लायटर दाखवायचाय." त्याचे तीस दिवस संपले होते, त्याला परत घरी नेऊन टांगायची काही गरज नव्हती. मी ते बोलले नाही.

शुक्रवारी दर तासाला सहा बरण्या उघडून सहा वेळा लायटर. दहा वाजता सहाही दिवे लागले. बारा वाजता सहाही. त्या दिवशी त्यांनी बाराचा चहाही घेतला नाही. दोन वाजता सहाही. साडेतीनला पटवर्धन आले, अहवाल आणि पेन टेबलावर ठेवून बसले. चार वाजता सहाव्या बरणीतला दिवा लागला, पण उशिरा. तीन ऐवजी आठ सेकंदांनी.

"लागला," पटवर्धन म्हणाले.

"दमलाय तो," सुमनताई म्हणाल्या. "मला अजून एक तास द्या."

"मॅडम, मला चार सांगितलं होतं."

"साहेब, आपण इथे चार तारा तोडल्या होत्यात. एकेका तारेची पंधरा मिनिटं द्या."

 पटवर्धनांनी घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर उपडं ठेवलं. "पाच. त्यानंतर नाही."

तो तास कसा गेला ते मला लिहिता येणार नाही. आगाशे सर खिडकीशी उभे होते. त्यांच्या टेबलावर ते पत्र होतं, वर काचेचं वजन. मी नुसत्याच फायली लावत होते.

पाचला दहा कमी असताना सुमनताईंनी लायटर पटवर्धनांच्या हातात दिला. "आपणच धरा."

त्यांनी पहिल्या बरणीपासून सुरुवात केली. लाल. लाल. लाल. लाल. लाल. सहावी. तीन सेकंद गेले, आठ गेले. त्यांनी पुन्हा गॅस सोडला. खोलीभर गॅसचा वास पसरला, आम्हा सगळ्यांना येत होता. फक्त त्या तिळाला येत नव्हता.

पटवर्धनांनी सहावी, सीरमची बाटली उचलून नाव वाचलं. "हे तर..." ते थांबले. "माझी बायको रोज लावते हे."

"त्यातलं काहीतरी उडतं आणि गरम थरावर जाऊन काचेसारखं बसतं," आगाशे सर हळूच म्हणाले. "सिलिकॉन. मला सुचायला हवं होतं."

"आणि आपल्या पेटीत ते कधीच आलं नसतं," सुमनताई म्हणाल्या. "माहेरी कोण नटतं?"

पटवर्धनांनी अहवालाची घडी केली, खिशात घातली आणि सरांच्या टेबलावरून फोन लावला. सोमवारचं रद्द झालं. फोनवर त्यांना पलीकडून काय ऐकून घ्यावं लागलं ते मला त्यांच्या कानाच्या रंगावरून कळत होतं. फोन ठेवून ते एवढंच म्हणाले, "गायकवाड मॅडम, उपाय सांगा आता. नाहीतर माझं पत्रही कोणाच्यातरी टेबलावर पडून राहील."

उपाय निघाला. टोपीच्या जाळीखाली कोळशाचं बारीक कापड बसवायचं. सात-आठ महिने गेले. पुन्हा पाच सेन्सर सासरी गेले, आमच्याकडेही आला आणि मी तीस दिवस तीस खुणा केल्या. त्या अहवालावर सुमनताईंनी सही केली. साधी, शाळकरी अक्षरातली सही. मग कागदात न गुंडाळता पेढा खाल्ला.

गोष्ट इथे संपली असती तर तुम्हाला आवडलं असतं. नेमणुकीच्या पत्रावर त्या वर्षी सरांनी सही केली. त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीने जोडणीचं काम मशीनवर नेलं, दुसऱ्या देशात. पटवर्धनांनी त्यांच्यासाठी प्रयत्न केले, ते पत्र मीच लिहिलं होतं. उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवशी सुमनताईंनी एप्रन धुऊन, इस्त्री करून परत दिला. बारीक चिमटे तेलाच्या कापडात गुंडाळून ठेवले. मी रडवेली झाले होते. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, मशीन येईपर्यंत. आलं." जाताना सात नंबर एका काडेपेटीत कापसावर ठेवून मला दिला. "हा तुमच्या घरचा. तुमच्याकडेच राहू दे."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी, बिबवेवाडीला त्यांच्या घरी. दृष्टी अधू झाली होती. भाची कविता त्यांच्याजवळ राहत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं, टेबलावर दुरुस्तीला आलेले रिक्षाचे दोन मीटर. शेजारपाजारचे लोक अजून आणून देत होते. आम्ही तुमच्या आईबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल बोललो. मी काहीतरी सांगत होते आणि त्या मध्येच उठल्या. भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या. मी घड्याळ पाहिलं. सात वाजले होते.

त्यांनी लायटर उचलला. तीन सेकंद. तीन नंबरचा दिवा त्यांच्या चेहऱ्यावर लाल पडला. दिवा त्यांना नीट दिसत नव्हता. त्या म्हणाल्या, "मॅडम, लागला का? बघून सांगा."

"लागला," मी म्हणाले.

"नीट बघितलंत?"

"नीट बघितलं, सुमनताई."

मग त्यांनी वहीत बोटाने ओळ चाचपून खूण केली. फळीवर तशा वह्यांची चळत होती.

त्या गेल्यावर मी कविताला भेटायला गेले, तेव्हा तिला त्या वह्यांचं विचारलं. ती म्हणाली, खूण आता ती करते.

सात नंबर माझ्या कपाटात काडेपेटीत आहे. त्याला कसलाच वास येत नाही. त्याच्या शेजारी ती वही आहे, अकरा लाल रेघा आणि माझ्या अकरा सह्यांसह. तीन नंबर बिबवेवाडीला भिंतीवर आहे, आणि संध्याकाळी सात वाजता त्याचा दिवा अजून लागतो.

तुमची,
आजी